बँकॉकची मंदी आणि किनवटचा कापूस : संकटात परतायला शेत कोणाकडे असते?

किनवट स्टेशनवर थांबणाऱ्या दोन गाड्या तालुक्यातल्या तरुणांना पाठ आहेत. नंदीग्राम एक्सप्रेस मुंबईकडे जाते आणि कृष्णा एक्सप्रेस सिकंदराबादमार्गे तिरुपतीकडे. कापसाची वेचणी संपली की या गाड्यांचे जनरल डबे भरतात. कोणी हैदराबादच्या बांधकामावर जातो, कोणी पुण्याजवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागतो. अनेकांच्या पिशवीत बारावीचे, आयटीआयचे किंवा पदवीचे प्रमाणपत्र असते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हा प्रवास उलटा झाला. माणसे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर चालत गावाकडे निघाली. गावात पोहोचल्यावर मात्र सगळ्यांची स्थिती सारखी राहिली नाही. ज्यांच्या घरी पाच-सात एकर होती, त्यांनी खरिपाची तयारी धरली. ज्यांच्याकडे एक गुंठाही नव्हता, ते गावातल्या मजुरांच्या गर्दीत आणखी एक झाले. मजूर वाढले, काम तेवढेच राहिले. बौद्ध वस्त्यांमधली बहुतेक घरे या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

हा अनुभव फक्त आपला नाही. १९९७ साली बँकॉकमधून सुरू झालेल्या आर्थिक संकटात थायलंडच्या कामगारांनी हेच भोगले होते. आशियातली विषमता, उद्योगांची स्थित्यंतरे आणि वारंवार येणारी आर्थिक संकटे या तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हे समजल्याशिवाय आपल्या वस्तीतल्या दारिद्र्याचे कारण नीट कळणार नाही. म्हणून हा विषय अर्थशास्त्राच्या पुस्तकातून बाहेर काढून किनवटच्या कापसापासून समजून घेऊ.

एका क्विंटल कापसाचा हिशोब

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी असते. १७० किलो रुईची एक गाठ बांधतात, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये धरली, तर क्विंटलमागे मजुराला १,००० रुपये मिळतात. हे काम बहुतेक बायाच करतात. दुसरीकडे त्याच ३४ किलो रुईतून, घट वजा जाता, दीडशेच्या आसपास साधे टी-शर्ट होऊ शकतात. एक टी-शर्ट ३०० रुपयांना विकला गेला असे धरले, तरी दुकानातली किंमत ४५,००० रुपये होते.

या ४५,००० मधला सगळा फरक म्हणजे नफा नव्हे. सूतकताई, विणकाम, रंगाई, शिवण, वाहतूक, दुकानाचे भाडे हे सर्व त्यात येते. पण आपला मुद्दा तिथेच आहे. शेतकऱ्याचे ८ हजार आणि वेचणाऱ्या बाईचे १ हजार सोडले, तर बाकीची सगळी मजुरी, सगळे पगार आणि सगळा नफा तालुक्याबाहेर तयार होतो. गाठ ट्रकमध्ये चढली की तिच्याबरोबर रोजगारही जातो. तो तिरुपूरला जातो, भिवंडीला जातो किंवा सीमेपार बांगलादेशात जातो. त्या गाठीच्या मागोमाग आपली मुले मजूर म्हणून जातात.

एकाच जिल्ह्यात असे नेहमी नव्हते. नांदेड शहरात निजाम काळात उस्मानशाही मिल उभी राहिली होती. पुढे नांदेड टेक्स्टाईल मिलही होती. कापसाच्या पट्ट्यातच सूत आणि कापड तयार व्हायचे, आणि कामगाराला महिन्याचा पगार मिळायचा. या गिरण्या बंद पडल्या. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेले ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण देशभर पोहोचले, पण त्या कापसाचे कापड नांदेडात करण्याची व्यवस्था टिकली नाही.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये सांगितलेली गोष्ट

१९१८ मध्ये बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे म्हणत होते की तुकडे लहान झाले म्हणून शेती तोट्यात आहे, तुकडे जोडा म्हणजे प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी रोग वेगळा दाखवला. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यांच्या हाताला दुसरे काम नाही, आणि त्याचा उपाय औद्योगिकीकरण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९५५ मध्ये सायमन कुझनेट्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने याच स्थित्यंतराचा विषमतेशी संबंध जोडला. लोक शेतीतून कारखान्यांकडे जाऊ लागले की सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढे कमी होते, असा त्याचा कयास होता. पण ती आपोआप कमी होत नाही. आशियातल्या देशांचा इतिहास तेच सांगतो.

दक्षिण कोरियाने १९५० मध्ये आणि तैवानने १९५३ मध्ये जमीनदारांची जमीन घेऊन कसणाऱ्यांना दिली. कोरियात कमाल मर्यादा सुमारे ३ हेक्टर होती. जमीन आधी वाटली गेली, शाळा उघडल्या, आणि मग कारखाने वाढले. त्यामुळे कारखान्यात जाणाऱ्या मुलाच्या मागे थोडी जमीन आणि थोडे शिक्षण होते. वाईट पगारावर काम नाकारण्याची ताकद त्याच्याकडे होती. या देशांत वाढ आणि त्यातल्या त्यात समता बराच काळ बरोबर चालली.

आपल्याकडेही हैदराबाद राज्याचा कूळकायदा १९५० मध्येच आला. तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला. पण कूळकायद्याचा लाभ ज्याचे नाव कूळ म्हणून नोंदले गेले त्यालाच मिळतो. गावकीची कामे करणारा, सालदार म्हणून राबणारा आपला आजोबा कोणाचे कूळ नव्हता. कायद्याने जमीन हलली तरी ती त्याच्यापर्यंत आली नाही. म्हणूनच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले.

कारखान्याच्या दारातही जात होती

औद्योगिकीकरण झाले म्हणजे समता येते, असेही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. कामगार म्हणून सगळे एक असतील, तर विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी बंद का, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कापड यंत्रमागांकडे गेले, जिथे ना कायम नोकरी, ना प्रॉव्हिडंट फंड. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालये आली. मुंबईचे उत्पन्न वाढले, पण दहावी शिकलेल्या माणसाला कायम पगार देणारी जागा कमी झाली.

देशपातळीवर हे आकड्यांत दिसते. सरकारच्याच श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते ४६.५ टक्के झाले आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ टक्के होते. म्हणजे लॉकडाऊनमध्ये शेतीकडे परतलेला मजूर पूर्णपणे बाहेर पडलाच नाही. उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास आहे. जवळजवळ निम्मी माणसे पाचव्या हिश्श्याहून कमी उत्पन्नात वाटेकरी आहेत. दुसऱ्या टोकाला काय चालले आहे? वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता.

१९१८ मध्ये बाबासाहेबांनी दाखवलेला रोग शंभर वर्षांनंतरही बरा झालेला नाही, असा याचा अर्थ आहे.

१९९७ : बँकॉकमध्ये काय घडले?

आता संकटाकडे वळू. १९९० च्या दशकात थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण कोरिया हे देश जगात कौतुकाचा विषय होते. १९९३ मध्ये जागतिक बँकेने पूर्व आशियाच्या प्रगतीला ‘चमत्कार’ म्हणणारा अहवालही काढला. परदेशी पैसा धो धो येत होता. थायलंडच्या बँका आणि कंपन्या डॉलरमध्ये थोड्या मुदतीची कर्जे घेत आणि तो पैसा बाथमध्ये इमारती, जमिनी, शेअर यांत घालत. एका डॉलरला साधारण २५ बाथ हा दर सरकारने बांधून ठेवला होता, त्यामुळे धोका कोणाला दिसत नव्हता.

हे समजायला घरातले उदाहरण पुरे आहे. सहा महिन्यांत फेडायचे उसने घेऊन कोणी वीस वर्षांत पैसे देणारे घर बांधायला काढले, आणि सावकाराने मध्येच सगळी रक्कम मागितली, तर घर कितीही चांगले असो, तो माणूस बुडतो. इथे तर सावकाराचे पैसे डॉलरमध्ये होते आणि कमाई बाथमध्ये.

निर्यात मंदावली, इमारती रिकाम्या राहिल्या, परदेशी गुंतवणूकदार पैसे काढू लागले. बाथचा दर टिकवण्यात थायलंडची डॉलरची गंगाजळी संपत आली. २ जुलै १९९७ रोजी सरकारने बाथचा बांधलेला दर सोडून दिला. जानेवारी १९९८ पर्यंत एका डॉलरला ५० हून अधिक बाथ मोजावे लागत होते. ज्याचे कर्ज डॉलरमध्ये होते, त्याचे कर्ज काहीही न घेता दुप्पट झाले. हीच लाट इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियात पोहोचली. तिन्ही देशांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले.

इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १९९८ या एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी आकसली. महागाई ५० टक्क्यांच्या वर गेली. मे १९९८ मध्ये जाकार्तात दंगली उसळल्या. लोकांचा राग कर्जे घेणाऱ्या बड्या घराण्यांवर निघण्याऐवजी चिनी वंशाच्या अल्पसंख्य दुकानदारांवर निघाला. हजाराहून अधिक माणसे मेली. २१ मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना पद सोडावे लागले. आर्थिक संकटाच्या काळात रागाचे तोंड अल्पसंख्याकांकडे कसे वळते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

पगारदार का बुडतो?

चलन घसरले की निर्यातदाराला फायदा होतो, कारण त्याला डॉलरमागे जास्त पैसे मिळतात. पण तेल, औषध, धान्य महागते, आणि मजुरी तितक्या वेगाने वाढत नाही. हा मुद्दा बाबासाहेबांनी भारतीय चलनाविषयीच्या वादात फार आधी मांडला होता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. रुपयाची किंमत उतरली तर लाभ व्यापारी वर्गाचा होतो आणि तो मजुराच्या खिशातून येतो, कारण किमती आधी वाढतात आणि मजुरी मागे राहते, अशी त्यांची मांडणी होती. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या मजुरांनी हेच अनुभवले.

थायलंडमध्ये बांधकामे थांबली तेव्हा ईशान्येकडच्या इसान भागातून आलेले मजूर गावाकडे परतले. अनेक अभ्यासकांनी गावाला ‘संकटातला विमा’ म्हटले. पण विम्याचा हप्ता जमिनीने भरलेला असतो. शेत नसलेल्याला गाव सावली देते, भाकरी देत नाही.

संकटाला समाजाने दिलेला एक प्रतिसाद बौद्ध वाचकाला माहीत असावा. थायलंडचे वयोवृद्ध भिक्खू लुआंग ता महा बुआ यांनी १९९८ पासून देशासाठी दान गोळा केले. लोकांनी दागिने दिले आणि पुढच्या वर्षांत बारा टनांहून अधिक सोने देशाच्या मध्यवर्ती बँकेत जमा झाले. दक्षिण कोरियातही नागरिकांनी लग्नाच्या अंगठ्यांसह सव्वादोनशे टनांच्या आसपास सोने दिले. हे दातृत्व वंदनीय आहे. तरीही एक प्रश्न उरतो. कर्ज बड्या कंपन्यांनी काढले आणि अंगठी कामगाराच्या बायकोने दिली. दान हे नियमांची जागा घेऊ शकत नाही. श्रीलंकेनेही तेच दाखवले. २०१९ मधली मोठी करकपात आणि २०२१ मध्ये एका फटक्यात आणलेली रासायनिक खतबंदी यांसारख्या निर्णयांनंतर एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जफेड थांबवली. देश बौद्ध असल्याने चुकीच्या अर्थनीतीचे परिणाम टळत नाहीत.

भारत वाचला, कापूस वाचला नाही

१९९१ मध्ये भारतावरही अशी वेळ आली होती. त्या वर्षी जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवले. १९९७ मध्ये मात्र आपण मोठ्या पडझडीतून वाचलो. याचे एक मोठे कारण म्हणजे आपल्याकडे परदेशी भांडवलाच्या ये-जा करण्यावर निर्बंध होते. गमतीची गोष्ट अशी, की हे निर्बंध २००० सालापर्यंत टप्प्याटप्प्याने उठवावेत अशी शिफारस करणारा तारापोर समितीचा अहवाल मे १९९७ अखेर आला होता. महिन्याभरात बाथ कोसळला आणि ती शिफारस बाजूला राहिली. पुढे मलेशियानेही सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवलावर नियंत्रणे आणली.

मग किनवटचा काय संबंध? इंडोनेशिया, थायलंड, दक्षिण कोरिया हे कापूस जवळजवळ न पिकवणारे, पण भरपूर सूत-कापड करणारे देश. त्यांची कापसाची खरेदी सगळी बाहेरून. त्यांच्या गिरण्या अडचणीत आल्या आणि मागणी मंदावली. अमेरिकेची शेतकऱ्यांना दिलेली अनुदाने आणि चीनने बाजारात सोडलेले साठे यांची त्यात भर पडली. १९९६-९७ मध्ये पौंडाला ७८ सेंटच्या आसपास असलेला जागतिक भाव १९९८-९९ मध्ये ५९ सेंटच्या आसपास आणि २००१-०२ मध्ये ४२ सेंटच्या आसपास उतरला. तेव्हा भारतात कापसावरचे आयात शुल्क कमी होते, त्यामुळे स्वस्त परदेशी रुई आपल्या गिरण्यांपर्यंत आली.

याच काळात, १९९७-९८ च्या हंगामात, वारंगल भागातल्या कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. त्यामागे किडीचा हल्ला, निकृष्ट कीटकनाशके आणि खासगी सावकारी ही मुख्य कारणे होती. बँकॉकमुळे आत्महत्या झाल्या असे म्हणणे चूक ठरेल. पण कर्जात बुडालेल्या माणसाला पुढच्या हंगामात वर येण्यासाठी जो भाव हवा होता, तो पडलेल्या जागतिक बाजाराने दिला नाही. पुढे पैनगंगेपलीकडच्या यवतमाळात हेच दुःख वाढले. महाराष्ट्रात १९७२ पासून चाललेली एकाधिकार कापूस खरेदी योजना तोट्यात गेली आणि २००२ मध्ये खासगी व्यापाराला वाट मोकळी झाली. भावाचा धोका सरकारच्या अंगावरून शेतकऱ्याच्या अंगावर आला.

ही साखळी आजही तशीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. तिरुपूरच्या निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमक्या याच महिन्यांत आपला कापूस बाजारात येतो. उद्योगाला मदत करण्यात गैर काही नाही. पण वॉशिंग्टनमधल्या निर्णयाची किंमत मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आणि त्याच्याकडे वेचणी करणाऱ्या बाईने का द्यायची, हे विचारायला हवे.

आपल्या दारातले छोटे संकट : बचत गट आणि फायनान्स

मोठी संकटे देशांच्या कर्जातून येतात, तशी छोटी संकटे वस्तीच्या कर्जातून येतात. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने मायक्रोफायनान्स कंपन्यांविरुद्ध अध्यादेश काढला. एकाच घराला अनेक कंपन्यांची कर्जे, आठवड्याची वसुली आणि त्यातून आलेल्या आत्महत्या हे त्याचे कारण होते. आदिलाबाद तेव्हा आंध्रात होते. म्हणजे सीमेपलीकडे वसुलीवर कायद्याचा लगाम आला आणि अलीकडे, किनवटच्या बाजूला, तसा कायदा नव्हता.

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम मात्र देशभर लागू आहेत. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स समजले जाते. घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करणे, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव जाहीर करणे हे नियमबाह्य आहे. पण व्याजदरावरची आधीची मर्यादा याच नियमांनी काढून टाकली. म्हणून सही करण्याआधी एकूण किती परतफेड होणार, हा आकडा कागदावर मागणे गरजेचे आहे.

मग आपण काय करायचे?

बँकॉकची मंदी आपण थांबवू शकत नाही. ती आली तर वस्ती किती उघडी पडेल, हे मात्र काही प्रमाणात आपल्या हातात आहे.

१. जमीन. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’ आहे. तिच्यात ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. शासकीय दरात जमीन विकायला मालक तयार होत नाहीत, ही मोठी अडचण आहे. गावनिहाय भूमिहीनांची यादी करून समाजकल्याण कार्यालयात सामूहिक अर्ज करणे, आणि दर वाढवण्याची मागणी राजकीय पातळीवर लावून धरणे, ही कामे कार्यकर्त्यांची आहेत. किनवट तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी बांधवांच्या जमिनीचे रक्षण आणि आपली जमिनीची मागणी यांत विरोध नाही. दोन्ही लढे बरोबर चालले पाहिजेत.

२. रोजगाराची हमी. १९७२ च्या दुष्काळातून आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी हीच पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याची प्रेरणा ठरली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण बहुतेक राज्यांना ४० टक्के खर्च उचलावा लागणार आहे, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता येतील. हे ६० दिवस शेतमालकाच्या सोयीचे आहेत, भूमिहीनाच्या नव्हेत. त्या काळात शेतात काम नसेल तर त्याने काय करायचे, हा प्रश्न ग्रामसभेत ठरावाने नोंदवा. कामाची मागणी नेहमी लेखी करा आणि तारखेची पोच घ्या.

३. बाहेर गेलेल्यांची नोंद. ठेकेदाराकडे लागलेल्या प्रत्येक मुलाकडे पीएफचा यूएएन क्रमांक आणि ईएसआयची नोंद आहे का, हे तपासा. कामगार विम्याची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना झाली. तो हक्क न मागणे म्हणजे त्यांचे काम वाया घालवणे.

४. विहारात हिशोबाचा वर्ग. महिन्यातून एक रविवार घरांच्या कर्जाच्या नोंदीसाठी ठेवा. कोणावर किती कंपन्यांचे कर्ज आहे, हप्ता उत्पन्नाच्या किती टक्के आहे, हे शिकलेल्या मुला-मुलींनी माय-बहिणींसोबत बसून मांडावे. ‘५० टक्के’ची मर्यादा कुठे मोडली गेली हे त्यातून पुढे येईल आणि तक्रार पुराव्यासह करता येईल.

५. द्वेषाला नकार. भाव पडला, काम गेले, की कोणीतरी शेजारच्या गरिबाकडे बोट दाखवतो. जाकार्ता आठवा.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राज्यात चोऱ्या वाढल्याची कथा आहे. शिक्षा वाढवून प्रश्न सुटणार नाही, शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या आणि सेवकाला योग्य वेतन द्या, असा सल्ला त्या राजाला मिळतो. १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी शेती, मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या हाती असावा, असे सुचवले. त्या सूचना जशाच्या तशा आज लागू होतील का, यावर जरूर वाद घालावा. त्यामागचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. बाजार कोसळतो तेव्हा सर्वात खाली उभ्या असलेल्या माणसाला कोण धरणार?

किनवट स्टेशनवरून गाडी पुढेही सुटत राहील, आणि आपल्या मुलांनी बाहेर जाण्यात कमीपणा नाही. फक्त त्यांचे जाणे निवडीने व्हावे आणि परतणे उपाशीपोटी होऊ नये, एवढ्यासाठी आपली चळवळ अर्थकारण शिकली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!